आजोबांच्या पेटीतली पितळी वस्तू: घासावी की तशीच ठेवावी?

निळीशाई
आजोबांची पेटी वाटणीत माझ्याकडे आली. आत जुने कागद, दोन चष्मे, बंद पडलेलं घड्याळ आणि अगदी तळाशी रुमालात गुंडाळलेली ही वस्तू. पितळेच्या तीन पातळ पट्ट्या, बिजागऱ्यांनी एकमेकींना जोडलेल्या. मिटली की मुठीत मावते. उघडली की खोक्याच्या तीन बाजू उभ्या कराव्यात तशी दिसते: एक तळ, एक पाठ, एक छत. तळाला चौकोनी खिडकी आहे, छताला गोल भोक. सगळी काळवंडलेली आहे आणि बिजागरीत मळ गच्च बसलाय. आजोबा कुठल्याशा गोदामात कारकून होते, पण कसलं गोदाम ते बाबांनाही सांगता येत नाही. भाऊ म्हणतो, पॉलिश लावून लख्ख कर, काही कोरलेलं असेल तर दिसेल. माझा हात धजत नाही. काय करू?

सुतळी
भावाचं ऐका. काजळीखाली काय आहे ते दिसल्याशिवाय ओळख पटणार कशी? छाप, नंबर, कारखान्याचं नाव, यावरूनच तर वस्तू बोलते. मालावर ज्या देशाचं नाव असतं ना, ते 1891 पासून अमेरिकेत आयात मालावर सक्तीचं झालं. तसं नाव मिळालं तर वस्तू बहुधा त्यानंतरची, इतका अंदाज एका ओळीवरून बांधता येतो. ती ओळच मळाखाली दडली असेल तर? जुनं ते काळंच असलं पाहिजे हा हट्ट मला पटत नाही. आजोबा वापरत होते तेव्हा ती चकचकीतच असणार.

जुनाट
कृपा करून पॉलिश लावू नका. पॉलिश म्हणजे बारीक वाळूच असते; ती काळेपणाबरोबर धातूही खरवडते. उथळ कोरलेली अक्षरं दोन-तीन वेळा घासली की गेलीच. ती परत आणता येत नाहीत. शिवाय पितळ पॉलिशांत बऱ्याचदा अमोनिया असतो आणि तो बिजागरीत अडकून राहतो. ताणाखाली असलेल्या पितळेला अमोनियाने तडे जातात. पितळी काडतुसांच्या बाबतीत हे फार पूर्वी लक्षात आलं होतं आणि 1921 मध्ये त्याचं कारणही नीट मांडलं गेलं.

माझा मुख्य मुद्दा मात्र वेगळा आहे. छाप सांगतो वस्तू कोणी बनवली. ती कशी वापरली हे सांगते झीज. कुठे बोट लागून धातू गुळगुळीत झालाय, कुठली कड बोथट आहे, कुठल्या कोपऱ्यात काय साठलंय ते बघा. एकदा घासलं की सगळीकडे सारखीच चमक येते आणि ही सगळी माहिती पुसली जाते.

सुतळी
घरच्या पेटीतली वस्तू म्हणजे संग्रहालयातला ठेवा नव्हे हो. आणि हिरवट भुकटी धरली असेल तर? तपकिरी-काळा थर धातूला सांभाळतो हे मान्य. पण फिकट हिरवी, बोटाला लागणारी भुकटी क्षारांमुळे येते आणि ती आतून खात जाते. तिला हात लावू नका म्हणणं म्हणजे वस्तू मरू देणं.

जुनाट
भुकटी असेल तर तुमचं बरोबर, ती काढलीच पाहिजे आणि वस्तू कोरडी ठेवली पाहिजे. इथे तसं काही लिहिलेलं नाही. संग्रहालयाचंच म्हणाल तर ग्रीसजवळच्या समुद्रातून 1901 मध्ये वर काढलेलं ते अँटिकिथेराचं यंत्र घ्या, सूर्य-चंद्राच्या गतीचं गणित करणारं प्राचीन ग्रीक यंत्र. गंजलेल्या काशाचा गोळा होता. दुसऱ्या वर्षी त्यात दातेरी चाक दिसलं. आतली बारीक अक्षरं मात्र 2005 च्या क्ष-किरण तपासणीत मोठ्या संख्येने वाचता आली. गोळा फोडून, घासून ‘साफ’ केला असता तर काय उरलं असतं? थांबण्यात तोटा नसतो, घाईत असतो.

वाटसरू
आधी एक सांगतो, ते यांच्या वस्तूला लागू नाही पण इतर वाचणाऱ्यांसाठी. पेटीत जुनं काटे चमकणारं घड्याळ किंवा होकायंत्र निघालं तर उघडू नका. रेडियमच्या रंगाची चमक विझते, रेडियम विझत नाही. त्याचं अर्धायुष्य सुमारे 1600 वर्षं आहे. आणि स्फोटकासारखं काही दिसलं तर जागेवर ठेवून पोलिसांना कळवा.

आता मूळ प्रश्न. मला हे फोटो काढणाऱ्यांचं चौकट ठरवायचं साधन वाटतं. गोल भोकातून डोळा लावायचा, चौकोनातून दृश्य बघायचं.

लोलक
वाटसरू, मला तसं वाटत नाही. दृश्य बघायला चौकोन मोठा आणि डोळ्यापासून लांब हवा. इथे सगळं मुठीत मावतंय. निळीशाई, चार गोष्टी करून सांगाल? एक, गोल भोकाच्या आतल्या कडेवर बोट फिरवा, आटे लागतात का? दोन, चौकोनाची बाजू मोजा. तीन, स्क्रूच्या डोक्यावर एक खाच आहे की अधिकचं चिन्ह? अधिकच्या खाचेचे स्क्रू 1930 च्या दशकात चालू झाले, म्हणजे स्क्रू मूळचा असेल तर वस्तू त्याआधीची नाही. सरळ खाच असेल तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, त्या आजही बनतात. चार, वजन करा, मग दोऱ्याला बांधून पाण्यात बुडवून पुन्हा करा.

निळीशाई
केलं. भोकात आटे आहेत, आत काहीतरी बसत असणार. चौकोनाची बाजू फूटपट्टीवर 25 आणि थोडी वर. स्क्रू नाहीत, नुसत्या पिना. वजन 41.0 ग्रॅम, पाण्यात 36.2. हे सगळं करताना कोरड्या सुती फडक्याने हलकेच पुसलं, त्यात चौकोनाच्या कडेला बारीक रेघा उमटल्या. मी मिलिमीटर समजले, पण मोजल्या तर एका बाजूला 16 भाग आहेत.

सुतळी
बघा, पुसल्यावरच दिसल्या ना रेघा!

जुनाट
कोरड्या फडक्याने. त्याला माझी कधीच ना नव्हती.

लोलक
पाण्यात वजन 4.8 ने घटलं. 41 भागिले 4.8, म्हणजे घनता पाण्याच्या साधारण 8.5 पट. पितळ. वजनातल्या चुकीने आकडा थोडा हलेल, पितळ की कासं एवढं बारीक यावरून कळणार नाही, पण मुलामा दिलेलं जस्त (7.1) किंवा शिसं (11.3) नाही हे नक्की.

आणि चौकोन 25.4 मिलिमीटरचा असणार. बरोबर एक इंच, सोळा भागांत. छताच्या भोकात भिंग होतं, ते हरवलंय. हे कापडातले धागे मोजायचं भिंग आहे. कापडावर ठेवायचं, वरून बघायचं, आणि एका इंचात उभे किती, आडवे किती धागे ते मोजायचे. पाठीची पट्टी भिंगाला कापडापासून नेमकं जितकं अंतर लागतं तितकीच उंच असते, म्हणून हात हलला तरी धागे स्पष्ट दिसतात. कमी धाग्यांचं कापड दाट म्हणून कोणी गळ्यात मारू नये यासाठी माल घेणारे हे जवळ ठेवत.

वाटसरू
माझा अंदाज मागे घेतो. आट्यांचा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

सुतळी
ओळख पटली ना, मग आता तरी लख्ख करा. नवीन भिंग बसवा, वापरा. रुमालात गुंडाळून ठेवलेली वस्तू आजोबांना तरी आवडली असती का?

जुनाट
भिंग जरूर बसवा. घासण्याआधी मात्र बिजागरीतला तो मळ भिंगाखाली बघा, एवढंच ऐका.

निळीशाई
सुईच्या टोकाने हळूच सोडवला. तेल आणि धूळ यांचा गोळा, आणि त्यात पिनेला गुंडाळलेला नखभर निळा सुती धागा. तो धागा, रुमाल आणि वस्तू एकत्र ठेवली आहे. पॉलिश लावणार नाही. भिंग मात्र बसवणार, सुतळींचं तेवढं मला पटलं.

रात्री आत्याला फोन करून सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, ‘‘अण्णा घरी आले ना, की आम्हाला जवळ घ्यायचे आणि फ्रॉकची कड दोन बोटांत धरून बघत बसायचे. आम्हाला वाटायचं, लाड करतायत.’’

मी माझ्याच ओढणीवर ती ठेवली, चष्म्याच्या दुकानातून आणलेलं सुटं भिंग वर धरलं, आणि मोजायला बसले. उभे 64 आले. आडवे मोजताना दोनदा चुकले.