बेघर लोकांना जेवण-पांघरुणं वाटतोय, पण संख्या कमी होत नाहीये. पुढे काय करायचं?

पायवाट
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा ग्रुप आहे. फुटपाथवर, पुलाखाली, स्टेशनबाहेर जे लोक झोपतात त्यांना रात्री जेवण आणि थंडीत पांघरुणं देतो. बरीच वर्षं चालू आहे, लोक पैसे देतात, तरुण मुलं येतात. पण तेच चेहरे दरवर्षी दिसतात आणि त्यात नवीन भर पडत जाते, आता वाटायला लागलंय की रस्त्यावरचं राहणं आपण थोडं सुसह्य करतोय पण तिथून कोणी बाहेर पडत नाहीये. महापालिकेत गेलो तर म्हणतात निवारा केंद्र आहे, जागाही रिकाम्या आहेत, तुमचे लोकच येत नाहीत. आणि लोकांना विचारलं तर म्हणतात, तिथे नको. ग्रुपमध्ये दोन तट पडलेत. एक म्हणतो हे सरकारचं काम, मोर्चा काढू. दुसरा म्हणतो सरकारच्या मागे लागून काही होत नाही, आपणच एक खोली भाड्याने घेऊ. ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी सांगा, सरकारकडे नेमकं काय मागायचं आणि आपण काय करायचं?

सुकाणू
निवारा केंद्रात काम केलंय म्हणून सांगते. "येत नाहीत" यावर थांबू नका, का येत नाहीत ते एकेकाला बसून विचारा. कारणं अगदी साधी असतात हो. नवरा-बायकोला वेगवेगळं झोपायला लावतात. सामान ठेवायला कुलूप नसतं आणि त्या गाठोड्यात त्या माणसाचं सगळं जग असतं, ते चोरीला गेलं तर कागदपत्रांसकट जातं. रात्री ठराविक वेळेनंतर दार बंद होतं, पण ज्याला हमालीचं किंवा सफाईचं काम रात्रीच मिळतं त्याने काय करायचं? सकाळी लवकर बाहेर काढतात, मग आजारी माणूस दिवसभर कुठे पडून राहणार? बायकांना सुरक्षित वाटत नाही हे तर सगळ्यात मोठं कारण.

म्हणजे तुमच्याकडे लगेच मागण्यांची यादी तयार आहे. चोवीस तास आणि बारा महिने उघडं, कुटुंबासाठी वेगळी खोली, बायकांसाठी वेगळं केंद्र, कुलूपबंद कपाट. यातलं बरंचसं भारतात नियमातच आहे, सुप्रीम कोर्टाच्या आदेशांनंतर 2013 साली शहरी बेघरांसाठी जी योजना आली तिच्यात दर 1 लाख लोकसंख्येमागे किमान 100 जणांचा एक कायमस्वरूपी निवारा आणि माणशी 50 चौरस फूट जागा असं लिहिलेलं आहे. त्यामुळे मागताना "दया करा" असं मागू नका, "नियमात आहे ते कुठे आहे" असं लेखी विचारा.

चौथा_मजला
सुकाणूताईंचं बरोबर आहे पण मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणेन की निवारा हा मधला थांबा आहे, मुक्काम नाही. शहरं पैसा ओततात निवाऱ्यात आणि मग तोच माणूस वर्षानुवर्षं आत-बाहेर करत राहतो.

न्यूयॉर्कमध्ये 1992 साली सॅम त्सेंबेरिस नावाच्या मानसशास्त्रज्ञाने पाथवेज टू हाउसिंग नावाची संस्था काढली आणि क्रमच उलटा केला. तोपर्यंत रीत अशी की आधी दारू सोड, औषधं घे, नीट वाग, मग टप्प्याटप्प्याने घर मिळेल. यांनी आधी घर दिलं, तेही स्वतःच्या किल्लीचं, आणि उपचार, समुपदेशन, कामधंदा हे सगळं नंतर, त्या माणसाच्या इच्छेने. याला हाउसिंग फर्स्ट म्हणतात. लोक म्हणतात असं फुकट दिलं तर ते घराची वाट लावतील, तर कॅनडात 2009 ते 2013 मध्ये पाच शहरांत 2000 पेक्षा जास्त लोकांवर याचा मोठा प्रयोग झाला, चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून. सगळे मानसिक आजार असलेले बेघर. शेवटच्या सहा महिन्यांत घर मिळालेल्या गटातले 62 टक्के लोक पूर्ण वेळ घरात टिकले होते, नेहमीच्या सेवा मिळालेल्या गटात 31 टक्के. म्हणजे दुप्पट. उरलेल्यांचं काय हा प्रश्न राहतोच, सगळ्यांना एकच औषध लागू पडत नाही, पण फरक केवढा आहे बघा.

फिनलंडने तर हे देशाचं धोरणच केलं 2008 पासून. हेलसिंकीमधलं मोठं जुनं वसतिगृह, जिथे लोक वर्षानुवर्षं खाटेवर राहायचे, ते बदलून तिथे स्वतंत्र छोटी घरं केली, प्रत्येकाच्या नावावर भाडेकरार, इमारतीतच मदतीला कर्मचारी. 1980 च्या दशकात तिथे पंधरा हजारांहून जास्त बेघर होते, आता चार हजारांच्या आसपास. आणि हो, अलीकडे तिथेही आकडा पुन्हा थोडा वर गेलाय, म्हणजे एकदा केलं की झालं असं नाही, घरं बांधणं आणि भाड्याला आधार देणं चालूच ठेवावं लागतं.

तुमच्या दुसऱ्या तटाला सांगा की एक खोली भाड्याने घेणं चांगलंच आहे, पण जमीन, घरं आणि दरवर्षीचा पैसा हे सरकारशिवाय होत नाही. वर्गणीवर माणूस थंडीतून वाचतो, वर्गणीवर हजार घरं उभी राहत नाहीत.

जुनी_फाईल
सरकारी खात्यात नोकरी झाली, आतल्या बाजूने सांगतो. पैसा कमी असतोच पण त्याहून मोठी अडचण म्हणजे प्रत्येकाकडे वेगळी यादी. हॉस्पिटलची वेगळी, पोलिसांची वेगळी, प्रत्येक संस्थेची वेगळी, कोणाचा कोणाला पत्ता नाही. एकाच माणसाला तीन ठिकाणांहून पांघरूण मिळतं आणि पलीकडच्या गल्लीतल्या आजारी बाईकडे कोणीच जात नाही.

अमेरिकेत ह्यूस्टन शहराने 2011-12 च्या सुमारास हेच दुरुस्त केलं. शंभराहून जास्त संस्था, महापालिका, घरमालक सगळे एका पद्धतीत आणले, एकच यादी, एकच प्रवेशाची खिडकी, सगळ्यात जास्त धोक्यात असलेल्याला आधी घर. तिथली बेघरांची संख्या निम्म्याहूनही कमी झाली. यात संस्थांना "आमचे लाभार्थी" हा हट्ट सोडावा लागला, आणि खरं सांगतो तोच सगळ्यात अवघड असतो.

मोर्चा काढायचा असेल तर जरूर काढा, पण आधी नावानिशी यादी हातात असू द्या. "शहरात शेकडो बेघर आहेत" म्हटलं की अधिकारी मान डोलावतो आणि फाईल खाली जाते. "या भागात ही एवढी माणसं, यातल्या इतक्यांना उपचार हवेत, इतक्यांकडे ओळखपत्र नाही, इतक्या बायका मुलांसोबत" असं समोर ठेवलं की त्याला उत्तर द्यावंच लागतं. रात्री त्यांच्याजवळ जाऊन बसणारे तुम्हीच आहात, ही माहिती आमच्याकडे कधीच नसते.

पायवाट
खूप धन्यवाद सगळ्यांना, डोळे उघडले. अजून एक विचारायचं होतं. आमच्या इथे नवीन निवाऱ्याची जागा ठरली की आजूबाजूचे रहिवासी विरोध करतात, सह्यांची मोहीमच निघते. त्यांच्याशी कसं बोलायचं?

सुकाणू
भांडू नका त्यांच्याशी, भीती खरी असते. एकाच जागी मोठं केंद्र नको, छोटी छोटी आणि वेगवेगळ्या भागांत मागा. उघडण्याआधी बोलवा, दाखवा, आणि काही झालं तर रात्रीही फोन उचलणारा एक जबाबदार माणूस नेमून द्या. बरेच लोक विरोध करतात कारण तक्रार ऐकायला कोणीच नसतं.

चौथा_मजला
आणि नळ चालूच ठेवून लादी पुसत बसू नका. नवीन लोक रस्त्यावर येतात कुठून ते बघा. हॉस्पिटलमधून सुट्टी, तुरुंगातून सुटका, अनाथाश्रमातून अठरा वर्षं पूर्ण म्हणून बाहेर, थकलेलं भाडं, घरातली मारहाण. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये 2014 च्या कायद्याने पुढच्या 56 दिवसांत बेघर होण्याचा धोका असलेल्या माणसाला आधीच मदत करणं स्थानिक प्रशासनावर बंधनकारक केलं. माणूस रस्त्यावर पडायची वाट बघायची नाही. दोन महिन्यांचं थकलेलं भाडं भरणं हे नंतर वर्षभर निवाऱ्यात ठेवण्यापेक्षा खूप स्वस्त पडतं आणि त्या घरातल्या मुलांची शाळाही सुटत नाही.

पायवाट
पटलं. मग आधी यादी. पण लोक नाव-गाव सांगायला घाबरतात, पोलीस हुसकावून लावतील म्हणून.

जुनी_फाईल
घाबरणारच, हुसकावलं गेलेलं असतं ना. त्यामुळे ज्याची ओळख आहे त्यानेच विचारायचं, अनोळखी माणूस वही घेऊन उभा करायचा नाही. माहिती कशासाठी, कोणाला दाखवणार हे आधी सांगायचं, नको म्हणाला तर जेवण देऊन पुढे जायचं, जेवणाला अट लावायची नाही. फोटो तर अजिबात नको. महापालिकेला आधी फक्त आकडे द्या, नावं ज्याने स्वतः हो म्हटलं त्याचीच, आणि तीही घर किंवा उपचार मिळायची वेळ आली तेव्हा. फॉर्ममध्ये शेवटी एक रिकामी जागा ठेवा: "तुम्हाला आत्ता सगळ्यात आधी काय हवंय?"