सॉरी, चुकीच्या ग्रुपवर गेला

शनिवार, रात्री ९:१४

सायली, बी-५०३: अगं, परत बघितला ‘व्हील्स’. पहिल्या सीझनचा नववा. ‘ग्ली’ म्हणजे नुसता गाण्यांचा भडिमार असं यापुढे कोणी म्हणालं ना, तर त्याला धरून हा एक भाग दाखवणार आहे. कर्ट तो वरचा सूर सोडतो तिथे मी दर वेळी रडते. आज पोळ्या करता करता लावला होता, एक पोळी पार करपली.

सेक्रेटरी, ए-२०१: सायली मॅडम, हा ग्रुप फक्त सोसायटीच्या कामांसाठी आहे. सर्व सभासदांस कळविण्यात येते की उद्या सकाळी १० ते १ टाकी साफसफाई. पाणी भरून ठेवावे.

सायली, बी-५०३: अय्यो! सॉरी सॉरी. ताईला पाठवायचा होता, सोसायटीच्या ग्रुपवर गेला. डिलीट करते.

जोशी बाई, सी-७०२: करू नकोस गं. कसली मालिका ही? शाळेतल्या गाण्याची आहे का?

सायली, बी-५०३: हो बाई. अमेरिकेतली. ओहायो राज्यात लिमा नावाचं गाव आहे, तिथल्या मॅकिन्ली हायस्कूलमधला गाण्याचा क्लब. क्लबात कोण, तर ज्यांना शाळेत कोणी विचारत नाही ती मुलं. त्यांच्या तोंडावर बाकीची मुलं स्लशी फेकतात. म्हणजे आपला बर्फाचा गोळा पातळ केला तर जे होईल ते, ग्लासभर, थेट चेहऱ्यावर. स्पॅनिश शिकवणारे मास्तर क्लब चालवतात आणि चीअरलीडर्सची कोच सू सिल्व्हेस्टर तो बंद पाडायला टपलेली. ट्रॅकसूट आणि जीभ, दोन्ही सदैव अंगावर. २००९ ते २०१५, सहा सीझन, १२१ भाग. मी कॉलेजात असताना स्टार वर्ल्डवर बघायचे. आता लेकीबरोबर परत सुरू केलीय.

मंजू मावशी, बी-३०२: लिमा नाही गं, लायमा. लेक कोलंबसला होती तेव्हा त्या बाजूने गेलोय आम्ही. खरंखुरं गाव आहे, डेटनहून टोलेडोला जाताना लागतं. जावई म्हणाले इथे रणगाड्यांचा कारखाना आहे. मला काही दिसला नाही, मला मका दिसला.

निनाद, ए-४०४: म्हणजे लायमात टँक बनतात आणि आपल्याकडे उद्या १० ते १ धुतात 😄

सेक्रेटरी, ए-२०१: निनाद, कृपया.

निनाद, ए-४०४: सॉरी काका. पण विषय निघालाच आहे तर बोलतो. मीही ग्ली बघितलीय, बायकोमुळे. पहिले तेरा भाग एक नंबर. त्यानंतर यांना कळलं की गाणी विकली जातात, आणि मग गोष्ट गेली उडत. मुलगी रडली, गाणं. मुलगा हरला, गाणं. वर्गात पाच जण, पियानोवर तो एक न बोलणारा दाढीवाला, आणि ऐकू येतोय अख्खा बँड. वर सगळ्यांच्या आवाजाला ऑटोट्यून फासलेला, म्हणजे सूर कॉम्प्युटरने सरळ केलेले. आवाज आधी स्टुडिओत रेकॉर्ड करायचे आणि कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवायचे.

जोशी बाई, सी-७०२: निनाद, तू ज्या देशात वाढलास तिथे झाडामागून शंभर व्हायोलिनं वाजतात आणि नट गातो दुसऱ्याच माणसाच्या गळ्यातून. त्या वेळी तुला बँड कुठून आला हा प्रश्न पडला होता का? यांचं निदान ज्याचा गळा त्याचंच तोंड आहे.

निनाद, ए-४०४: 🙏 बाई, शरण.

ओवी, सी-३०५: ज्याचा गळा त्याचंच तोंड हे वॉर्बलर्सना, म्हणजे मालिकेतल्या दुसऱ्या शाळेच्या गाण्याच्या ग्रुपला, लागू नाही हं बाई! म्हणजे त्यांच्यातला पुढे गाणारा ब्लेन स्वतःच गातो (त्याचं काम करणारा डॅरेन क्रिस माझा आहे, कोणी नजर लावू नये). पण त्याच्या मागच्या ब्लेझरवाल्या मुलांचे सुरुवातीचे आवाज टफ्ट्स युनिव्हर्सिटीच्या बील्झेबब्स नावाच्या ग्रुपचे आहेत. कॉलेजची खरी मुलं. एकही वाद्य नाही, ढोल पण तोंडाने, बेस पण तोंडाने. क्लिप पाठवते तुम्हाला.

जोशी बाई, सी-७०२: पाठव. इथे नको, सेक्रेटरी रागावतील. मला वेगळी पाठव.

रात्री ९:४१

जोशी बाई, सी-७०२: ऐकली. सायलीने पहिल्या भागातलं शेवटचं गाणं पाठवलं तेही ऐकलं. आता जरा लांबण लावते, ज्यांना नको त्यांनी पुढे सरकावं. मी एकतीस वर्षं शाळेत समूहगान बसवलं. आपलं समूहगान म्हणजे सगळ्यांनी एका पट्टीत एकच चाल म्हणायची. वसंत देसाईंनी शाळाशाळांतून हजारो मुलांना असं गायला लावलं, आणि ते कानावर पडलं की अंगावर काटा यायचा. त्याची ताकद एकजुटीत आहे. यांचं गणित निराळं. इथे प्रत्येक ओळीचे तीन-चार पदर. वरच्या आवाजाच्या मुली एक म्हणतात, खालच्या आवाजाच्या दुसरंच, मुलगे तिसरं, आणि ते सगळं एकमेकांत बसतं. त्या गाण्यात पुढची मुलगी आणि तो उंच मुलगा काय म्हणतात ते सगळे ऐकतात. मी मागे उभ्या असलेल्यांचं ‘डा डा डा’ ऐकत होते. गाणं मूळ वाद्यवृंदाचं असणार, कारण पियानोचं काम त्या पोरांनी तोंडाने केलंय. मागची रांग गप्प केली तर पुढच्या दोघांकडे फक्त ओरडणं उरेल. माझ्या शाळेत मागच्या रांगेत मी बेसूर मुलं उभी करायचे आणि हळूच सांगायचे, तुम्ही नुसतं तोंड हलवा. आज ते आठवून जरा कसंसंच झालं.

सायली, बी-५०३: बाई 😢 मी शाळेत तोंडच हलवायचे.

सायली, बी-५०३: आणि बरोबर ओळखलंत. ते १९८१ चं जर्नी नावाच्या बँडचं गाणं, ‘डोन्ट स्टॉप बिलिव्हिंग’. पियानोची सुरुवात या मुलांनी गळ्यावर घेतली. ग्लीचं हे गाणं अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत चौथ्या नंबरपर्यंत गेलं होतं. नंतर तर यांनी एल्व्हिस प्रेस्लीलाही मागे टाकलं. त्याची १०८ गाणी त्या यादीत लागली होती, यांची शेवटी २०७ झाली.

निनाद, ए-४०४: दर आठवड्याला सहा गाणी सोडली की होणारच. ही काय स्पर्धा झाली?

सायली, बी-५०३: हे मला मान्य आहे. रेकॉर्डचं मला कौतुक नाहीच. बाई म्हणाल्या ती मागची रांग, माझं प्रेम तिच्यावर. सांताना आणि ब्रिटनी सुरुवातीला काय होत्या? मुख्य चीअरलीडर क्विनच्या मागून चालणाऱ्या दोन पोरी, दोन-दोन वाक्यं. पुढे सांताना मालिकेतल्या सर्वांत धारदार पोरींपैकी एक झाली. तिचं काम करणाऱ्या नाया रिवेराने ते कमावलं. ती २०२० मध्ये तळ्यात बुडून गेली तेव्हा मी दोन दिवस ऑफिसात कोणाशी धड बोलले नव्हते. ओळखीचं कोणी गेल्यासारखं.

ओवी, सी-३०५: आणि फिन. 💔

सायली, बी-५०३: फिनचं नको काढूस. मंजू मावशी, तो उंच मुलगा. फिनचं काम करणारा कोरी मॉन्टिथ. जुलै २०१३ मध्ये गेला, ३१ वर्षांचा होता. ऑक्टोबरमध्ये त्याच्यासाठी भाग केला. पात्र कसं गेलं हे त्यात सांगितलेलंच नाही. फिनची आई बोलते एवढंच पुरे आहे. सकाळी जाग येते, क्षणभर काही आठवत नाही, आणि मग आठवतं.

मंजू मावशी, बी-३०२: खरंय.

रात्री ९:५८

शिंदे दादा, ए-१०३: नमस्कार. मी सहसा लिहीत नाही. पोरीने ही मालिका दाखवली होती लॉकडाऊनमध्ये. गाणी मला कळत नाहीत. त्या कर्टचा बाप टायरचं गॅरेज चालवतो, म्हणून बघत बसलो. हात धुतलेत पण नखांत काळं राहिलंय, असा माणूस. मुलगा सांगतो मी गे आहे. बाप म्हणतो, मला तू तीन वर्षांचा होतास तेव्हापासून माहितीये, वाढदिवसाला टाचेचे बूट मागितले होतेस. मला हे फार आवडतंय असं नाही, पण तू असा आहेस तर आहेस. असंच काहीसं म्हणतो. लेक्चर नाही, काही नाही. मी त्या वेळी टीव्ही बंद केला आणि बाहेर जाऊन गाडी पुसत बसलो.

सायली, बी-५०३: दादा, बर्ट माझाही लाडका. आणि मगाशी मी रडत होते तो सूर त्याच्यासाठीच सोडलेला आहे. नेहमी मुली गातात ते गाणं कर्टला हवं असतं, मास्तर नाही म्हणतात. बाप शाळेत जाऊन भांडतो आणि मुलाला संधी मिळवून देतो. मग गॅरेजवर निनावी फोन येतो, घाण शिवी देऊन. बापाचा चेहरा बघून कर्ट ठरवतो, उद्या तो उंच सूर लावायचा नाही. येत असून लावायचा नाही. बापाला आणखी फोन नकोत म्हणून हरतो.

ओवी, सी-३०५: आणि हे खऱ्यातलं आहे काकू! कर्टचं काम करणाऱ्या क्रिस कोल्फरला त्याच्या स्वतःच्या शाळेत तेच गाणं मुलगा म्हणून गाऊ दिलं नव्हतं. तो ऑडिशनला आला होता आर्टीच्या रोलसाठी. तो रोल नाही मिळाला, पण त्याच्यासाठी कर्ट नव्याने लिहिला. आणि २०११ मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळालं.

जोशी बाई, सी-७०२: सूर चुकवणं सोपं नसतं बरं का. ज्याला लागतो त्याला तो मुद्दाम पाडता येत नाही, गळा आपोआप जागेवर जातो. पोराने ते करून दाखवलंय म्हणजे तयारीचा आहे.

सेक्रेटरी, ए-२०१: सर्वांना विनंती. उद्या पाणी नाही. एवढेच लक्षात ठेवावे.

निनाद, ए-४०४: ग्लीमधले प्रिन्सिपल फिगिन्स पण असेच. काहीही मागा, ‘बजेट नाही’. ते काम करणारे इक्बाल थेबा कराचीचे. आपल्याकडचे शोभतात अगदी.

सायली, बी-५०३: 😂😂 ‘व्हील्स’मध्येही तेच. आर्टी व्हीलचेअरवर. स्पर्धेला जायला त्याच्यासाठी वेगळी बस लागते आणि फिगिन्स म्हणतात पैसे नाहीत. बाकीची मुलं म्हणतात, त्याचे बाबा नेतील की त्याला. तेव्हा मास्तर सगळ्यांना रोज तीन तास व्हीलचेअरवर बसवतात आणि केक विकून पैसे जमवायला लावतात. शेवटी सगळे खुर्च्यांवरूनच नाचतात. इतकं सुंदर! आपल्या सोसायटीतल्या मुलांना दाखवायला हवा हा भाग. आपटे काका, तुम्ही बघितलाय का?

रात्री १०:१२

आपटे काका, बी-१०१: बघितला आहे. तुम्हा सगळ्यांचं वाचतोय केव्हाचा. सायली, रागावू नकोस, मला तो भाग आवडत नाही.

सायली, बी-५०३: काका, रागवेन कशी? सांगा ना.

आपटे काका, बी-१०१: तीन तास बसले आणि उठले. नाच छान केला, चाकं छान फिरवली. मग कॅमेरा थांबला आणि सगळे पायांनी घरी गेले. आर्टीचं काम करणारा केव्हिन मॅकहेलसुद्धा. तिकडच्या अपंग संघटनांनी तेव्हा हेच विचारलं होतं की खुर्चीवरचा एकही नट मिळाला नाही का. त्याच भागात बेकी आहे, डाउन सिंड्रोम असलेली. ते काम करणारी लॉरेन पॉटर खरीच तशी आहे, आणि बघ, ती दोन मिनिटं जास्त लक्षात राहते. सू तिच्यावर बाकीच्यांइतकीच खेकसते, ते मला फार आवडलं. कोणी तरी खेकसावं माणसावर.

आपटे काका, बी-१०१: आणि एक अगदी कामाची गोष्ट. त्यात सू शाळेला तीन रॅम्प देते. चेक दिला, विषय संपला. रॅम्प असा होत नाही. एक इंच चढायला बारा इंच लांबी लागते. आपल्या बी विंगला तीन पायऱ्या, सहा-सहा इंचांच्या. म्हणजे १८ इंच, म्हणजे १८ फूट रॅम्प. मागच्या वर्षी जो लोखंडी पत्रा टाकलाय तो साडेचार फुटांचा आहे. त्यावरून मी खाली गेलो तर थेट वॉचमनच्या केबिनमध्ये जाईन.

निनाद, ए-४०४: काका, मी रोज त्यावरून बाइक चढवतो. कधी डोक्यातच आलं नाही.

आपटे काका, बी-१०१: बाइकला चांगला आहे तो. म्हणून तर टाकला.

सेक्रेटरी, ए-२०१: १८ फूट केला तर दोन पार्किंग जातील.

शिंदे दादा, ए-१०३: त्यातलं एक माझं. मी गाडी गॅरेजवर लावतो.

सेक्रेटरी, ए-२०१: मीटिंगमध्ये बघू.

जोशी बाई, सी-७०२: आपटे, मग तुम्ही ही मालिका पाहता तरी कशाला?

आपटे काका, बी-१०१: बाई, त्याच सीझनमध्ये दहा भागांनंतर एक आहे. एकोणिसावा. आर्टीला नाचायचं असतं. स्वप्नात तो एका मॉलमध्ये खुर्चीतून उठतो, आणि सगळा मॉल त्याच्याबरोबर नाचतो. मी ते बघताना श्वास धरून होतो. मग जाग येते. डॉक्टर, उपचार, सगळी चौकशी करून होते, नजीकच्या काळात काही होणार नाही. मग तो क्लबातल्या त्याच्या मैत्रिणीला, टीनाला, सांगतो, तू दुसऱ्या कोणाबरोबर नाच. ती माइकबरोबर नाचते आणि हा स्टेजवर बसून त्यांच्यासाठी गातो. हळू गाणं आहे. चेहऱ्यावर फार काही नाही. रॅम्प नाही, चेक नाही, कोणी काही शिकत नाही. त्या पोराचं चालणं खोटं आणि बसणंही खोटं, मला सगळं माहीत आहे. तरी तो गायला लागतो तेव्हा मला ते खरं वाटतं.

मंजू मावशी, बी-३०२: कितवा म्हणालात?

आपटे काका, बी-१०१: एकोणिसावा. पहिला सीझन.

रात्री १०:३१

सायली, बी-५०३: काका, तो मी एकदाच बघितलाय, तेव्हा मला वाटलं होतं की मॉलचा नाच हाच भाग. उद्या तुमच्याकडे येऊन बघू का? बाईंनाही आणते. चहाचं पाणी मी आज भरून ठेवते.

ओवी, सी-३०५: मी पण!! आई पण येतेय म्हणाली.

जोशी बाई, सी-७०२: मी अकराला खाली येते. लिफ्ट चालू राहील ना टाकीच्या वेळी?

सेक्रेटरी, ए-२०१: लिफ्ट चालू आहे. फक्त पाणी नाही.

आपटे काका, बी-१०१: या सगळे. दार उघडंच असतं. पण सायली, आधी ‘व्हील्स’ लावायचा नाही.