मामांच्या वहीत शेवंड वाढत कशी गेली?

एरंडवण्याचा भाचा:
माझे मामा हर्णै बंदरात शेवंड, म्हणजे लॉबस्टर, विकत घेऊन निर्यातवाल्यांना द्यायचे. ते गेल्यावर 1991 ते 2011 पर्यंतच्या वह्या मी पुण्याला आणल्या. रकाने दोनच, नग आणि किलो. आयुष्यभर लेजर तपासण्यात गेलं, त्यामुळे दर वर्षाची नगामागची सरासरी काढल्याशिवाय राहवेना. 2003 पर्यंत वजन हळूहळू उतरतं. मग एकदम वर जातं आणि तिथेच टिकतं. गणेश पेठेतल्या माझ्या नेहमीच्या मासेवालीला सांगितलं, तर ती हसलीच. "मोठी शेवंड? कुठेय, मलापण दाखवा!" मग वही खोटी की मी?

जाळं आणि गणित:
दोघंही खरे. 2003 मध्येच केंद्राने शेवंडीच्या निर्यातीला किमान वजन लावलं. आपल्याकडच्या चिखलातल्या जातीला 300 ग्रॅम, चपट्या शेवंडीला 150. त्याखालचा माल व्यापारी घेईना. म्हणजे वहीत समुद्र नाही, मामांची खरेदी आहे.

आणि नुसत्या सरासरीवर जाऊ नका. एखाद्या साली पिल्लं भरपूर आली तरी ती खाली येते, आणि ती तर चांगली बातमी. वजनही फसवं: जाळ्यातून सोडवताना पाय, मिशा तुटतात. म्हणून अभ्यासक पाठीचं कवच मोजतात, डोळ्यांवरच्या शिंगांच्या मधून कवचाच्या मागच्या कडेपर्यंत, नर-मादी वेगवेगळे. शेवंड कात टाकत वाढते आणि कातीबरोबर जुनं कवचही जातं, त्यामुळे वय सांगणं महाकठीण. सगळा हिशेब आकारावर. दक्षिण आफ्रिकेत पश्चिम किनाऱ्यावर तर शेवंडीची वाढच मंदावली, तेव्हा कवचाची 89 मिलिमीटरची मर्यादा 75 वर आणावी लागली. तिथे लहान शेवंड म्हणजे कोवळीच असेल असं नाही.

हर्णैकर:
भाऊ, किलो सोडा, नग बघा. एका होडीला एका दिवशी किती, तेही जाळी तेवढीच असताना. आमच्याकडे आता जाळी वाढलीत, म्हणून टोपली भरल्यासारखी दिसते. मुंबईजवळची चपटी शेवंड आठवते का? ट्रॉलरच्या जाळ्यात अंडीवाल्या माद्यासुद्धा गेल्या, 1994 पर्यंत धंदाच संपला. पोटाखाली अंडी दिसली की सोडायची, हे बोलतात सगळे. सोडतो कोण?

एरंडवण्याचा भाचा:
होडीवार नोंद नाही, मामांनी दिवसाचा एकूणच लिहिलाय. पण काल मामीला फोन लावला. विचारलं, 2003 नंतर लहान शेवंडी आल्याच नाहीत का?
"न यायला काय झालं? मामा परत करायचे, आणि होडीवाले त्यातल्या चार आपल्या ओट्यावर ठेवून जायचे."
"मग वहीत का नाहीत?"
"विकत कुठे घेतल्या रे? तू मे महिन्यात येऊन खायचास ते कालवण कशाचं होतं!"

जाळं आणि गणित:
म्हणजे पुरावा तुम्हीच खाल्लात. 2003 च्या आधीची पानं मात्र जपा, आणि महिनेवार काढा. पावसाळ्यातली बंदी वगळून.