लँडलाइनवरचे नको ते कॉल अडवणारा कॉल ब्लॉकर फायबरवर चालतो का?

कोथरूडकर७४
आई-बाबा पंचाहत्तरीच्या पुढचे, दोघांचीही भिस्त लँडलाइनवर. जुनी तांब्याची तार जाऊन फायबर आलंय, फोन मोडेमला लावलेला. एनए प्लॉट, कर्ज आणि ‘केवायसी संपलंय’वाले फोन दिवसभर. डीएनडी (प्रचाराचे कॉल नकोत, ही नोंद) केलेलं आहे. कॉल ब्लॉकर ऑनलाइन मिळतात ते बहुतेक परदेशी. इथे चालतात का? डॉक्टर, वॉचमन आणि गॅसवाल्याचे फोन मात्र अडायला नकोत.

तारजोडणी
चालतात, पण लाइनवर कॉलर आयडी सुरू हवा. नंबरच पोचला नाही तर ब्लॉकर अडवणार काय? साधा स्क्रीनवाला फोन लावून नंबर दिसतो का ते आधी बघा.

नंबर दोन पद्धतींनी येतो. एफएसके बहुधा पहिल्या आणि दुसऱ्या रिंगच्या मध्ये, डीटीएमएफ पहिल्या रिंगच्या आधी. आपल्याकडे दोन्ही आहेत, अमेरिकेसाठी बनवलेले बरेच ब्लॉकर फक्त एफएसके ओळखतात. खोक्यावर दोन्ही छापलेलं असेल तोच घ्या. फायबरवर ही पद्धत मोडेमच्या व्हॉइस सेटिंगमध्ये ठरते. ते पान बहुतेक वेळा कंपनीच्या पासवर्डमागे असतं, तेव्हा बदल त्यांच्याकडूनच करून घ्यावा लागेल.

जोडणी: मोडेमच्या फोन पोर्टमधून वायर ब्लॉकरच्या ‘लाइन’मध्ये, ब्लॉकरच्या ‘फोन’मधून फोनला.

कोथरूडकर७४
बेडरूममध्ये पॅरलल फोन आहे. तो?

तारजोडणी
त्याची वायरही ब्लॉकरच्या पुढेच निघाली पाहिजे. मोडेमजवळच फाटा फुटला असेल तर हॉल शांत आणि बेडरूममध्ये घंटा, असं होईल. ब्लॉकर मोडेमच्या लगेच पुढे लावा आणि दुहेरी सॉकेट ब्लॉकरच्या ‘फोन’च्या बाजूला टाका. सॉकेट पुण्यात तपकीर गल्लीत मिळेल.

शून्य_वीस
काळ्या यादीवर वेळ घालवू नका, हे लोक रोज नंबर बदलतात. १४० ने सुरू होणारे सगळे अडवण्याची सोय असेल तर ती जरूर लावा, प्रचाराच्या कॉलसाठी तीच मालिका आहे. पण केवायसीवाले भामटे साध्या दहा आकडी मोबाइलवरून येतात. त्यांच्यासाठी उलटी यादी हवी: ओळखीचेच नंबर आत, बाकी बाहेर.

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. तोच मोबाइल एका लाइनवर दहा आकडी दिसतो, दुसरीवर आधी ० लागतो. पुण्यातला लँडलाइन नंबर कधी ०२० सकट येतो, कधी नुसता आठ आकडी. काही ब्लॉकर पूर्ण नंबर जुळवतात, मग एका शून्यापायी डॉक्टरांचा फोन बाहेर राहतो. म्हणून डायरीतून नंबर टाइप करू नका. प्रत्येकाला एकदा फोन करायला सांगा आणि आलेल्या कॉलच्या यादीतूनच तो साठवा. बँकांच्या सेवा-कॉलसाठीची १६०० मालिका आत ठेवा, पण ओटीपी त्यांनाही सांगायचा नाही, हे आई-बाबांना पक्कं माहीत हवं.

गॅस पोचवणाऱ्याचा नंबर बदलतो, तो यादीत कसा बसवणार? त्यासाठी ‘आकडा दाबा’ची सोय असलेला ब्लॉकर घ्या. अनोळखी माणसाला सूचना ऐकू येते, त्याने आकडा दाबला तरच घंटी वाजते. सूचना मराठीत रेकॉर्ड करता येते का ते विकत घेण्याआधी विचारा, इंग्रजी आवाज ऐकून तो माणूस फोन ठेवून देईल. हॉस्पिटलचे आपोआप येणारे कॉल आकडा दाबू शकत नाहीत, ते नंबर यादीतच हवेत.

पेठकरीण
वीज गेली की मोडेम बंद आणि फोनही बंद, तांब्याच्या तारेवर तसं होत नसे. वयस्कर माणसांच्या घरी मोडेमला छोटा यूपीएस लावाच. अडॅप्टरवर लिहिलेले व्होल्ट आणि अँपिअर जुळवून घ्या.

डीएनडी असूनही आलेल्या प्रचाराच्या कॉलची तक्रार ७ दिवसांच्या आत १९०९ वर करा, नंबर, तारीख आणि वेळ लिहून ठेवलेली असू द्या. केवायसीसारख्या फसव्या कॉलची तक्रार संचार साथी या सरकारी पोर्टलच्या ‘चक्षू’वर. पैसे गेलेच तर त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. हा आकडा फोनशेजारी मोठ्या अक्षरात चिकटवा.