घरच्या खाऱ्या टाकीत बॉक्सफिश: विषाची भीती खरी की नुसता बाऊ?

खारं_पाणी

दुकानात पिवळा बॉक्सफिश दिसला की भल्याभल्यांचा पाय घसरतो. बोराएवढा चौकोनी जीव, अंगभर काळे ठिपके, इवलेसे पर हलवत जागच्या जागी तरंगतो आणि काचेला बोट लावलं की बोटाकडे येतो. पोरं हट्ट धरतात, बाप पाकीट काढतो. माझं म्हणणं असं की इतर मासे असलेल्या घरच्या टाकीत हा मासा सोडूच नये, आणि त्याचा गुण सांगितल्याशिवाय दुकानदारांनी तो विकू नये.

तो गुण म्हणजे, हा मासा घाबरला, जखमी झाला किंवा मरायला टेकला की कातडीतून विषारी स्राव पाण्यात सोडतो. ही ऐकीव गोष्ट नाही. हवाईतल्या बॉक्सफिशवर काम करताना डोनाल्ड थॉमसन यांनी १९६४ साली हा स्राव नोंदवला आणि त्याला ऑस्ट्रॅसिटॉक्सिन म्हटलं. १९६७ साली बॉयलन आणि शॉयर यांनी त्यातलं मुख्य रसायन ओळखून त्याला पाहुटॉक्सिन हे नाव दिलं. समुद्रात हा स्राव प्रवाहाबरोबर वाहून जातो, शत्रू तोंड फिरवतो, विषय संपला. दोनशे लिटरच्या काचेत तो जाणार कुठे? तेच पाणी पंपातून फिरून सगळ्यांच्या कल्ल्यांवर येतं. ज्याने सोडला तोसुद्धा सुटेलच असं नाही, कोंडलेल्या पाण्यात बॉक्सफिश स्वतःच्या विषानेही मरू शकतो.

ज्यांना पटत नाही त्यांनी मुद्द्याला धरून बोलावं.

पापलेटप्रेमी

साहेब, फार बाऊ करताय. माझ्याकडे शिंगवाला काऊफिश तीनेक वर्षं आहे, तो याच कुळातला. सोबत क्लाउनफिश, एक ब्लू टँग आणि दोन डॅमसेल. मध्ये एकदा पॉवरहेडच्या (टाकीत पाणी फिरवणाऱ्या छोट्या पंपाच्या) जाळीला चिकटून बसला होता, शेपटीजवळ चांगलाच ओरखडा पडला. सोडवला, तासभर कोपऱ्यात रुसून बसला. बाकीचे मासे संध्याकाळी नेहमीसारखे खायला वर आले.

मोठ्या सार्वजनिक मत्स्यालयांतही बॉक्सफिश इतर माशांबरोबर सुखाने फिरताना दिसतात. तुम्ही म्हणता तसं असतं तर तिथे रोज माशांचा खच पडला असता.

खारं_पाणी

@पापलेटप्रेमी, त्या मत्स्यालयांच्या टाक्यांमध्ये किती हजार लिटर पाणी असतं, ते एकदा विचारा. माझा सगळा मुद्दा पाण्याच्या मापाचाच आहे. आणि तुमचा काऊफिश ओरखड्यावर भागला. रात्री लाइट जाऊन पंप बंद पडले आणि तो सकाळी खडकाखाली मेलेला सापडला, तर याच आत्मविश्वासाने लिहाल का?

रसायनी_काका

दोघांनाही थोडं चिमटीत धरतो, पण माझा कल पापलेटप्रेमींकडे आहे.

विष खरं आहे, त्यात वाद नाही. पाहुटॉक्सिन हा पामिटिक आम्लापासून बनलेला कोलीनचा एस्टर आहे. एका टोकाला तेलकट लांब शेपूट, दुसऱ्या टोकाला पाण्यात मिसळणारा धन भार. म्हणजे वागणूक साबणाची. म्हणूनच हा स्राव असलेलं पाणी ढवळलं की फेस धरतं. तांबड्या रक्तपेशी तो फोडतो, आणि माशाला गाठतो तो कल्ल्यांतून. नंतरच्या प्रयोगांत असं दिसलं की हेच रसायन सुईने टोचलं तर मासा तगतो, भोवतालच्या पाण्यात मिसळलं तर मरतो. मला यातली ही सगळ्यात चक्रावणारी बाब वाटते.

पण टाकीतले सगळे मासे मेले की 'बॉक्सफिशने विष सोडलं' हा निकाल लोक फार लवकर देतात. नेहमीचा क्रम बघा. खडकामागे एखादा मासा मरतो, कोणाच्या लक्षात येत नाही. तो कुजतो, अमोनिया चढतो, पाण्यातला प्राणवायू उतरतो. खाऱ्या टाकीचा पीएच ८.२ च्या आसपास, आणि त्या पीएचला अमोनियाचा विषारी हिस्सा गोड्या पाण्याच्या साध्या टाकीपेक्षा कितीतरी पट जास्त असतो. सकाळपर्यंत चार मासे आडवे. त्यात एक बॉक्सफिश असला की खापर त्याच्यावर, कारण त्याचं नाव आधीच खराब.

म्हणून अशी गोष्ट सांगणाऱ्याला मी विचारतो, त्या सकाळी अमोनिया मोजला होता का? आजवर एकानेही 'हो' म्हटलेलं नाही.

चिंबोरी

काकांशी सहमत. 'सगळे मेले' एवढाच पुरावा असेल तर इन्व्हर्टरवर पण केस घाला.

खारं_पाणी

काका, अमोनिया जरूर मोजावा. पण तुमच्या क्रमातही शेवटचा घाव बॉक्सफिशच घालतो की. अमोनिया चढला, श्वास लागला, मासा बेजार झाला, आणि बेजार झाला की तो काय करतो ते मी वर लिहिलंयच. टँग मेला तर मला पाणी बदलायला काही तास मिळतात. बॉक्सफिश असताना ते तासही हातातून जातात. आधी कोण मेलं याचा पंचनामा करत बसण्यापेक्षा तो मासाच न आणणं सोपं नाही का?

कुर्ला_साइड

दुकानदार आहे, शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो.

आम्ही बॉक्सफिश कायम एकटा पॅक करतो. पिशवीत दुसरा मासा टाकत नाही, कारण प्रवासात तो घाबरलेला असतो. गिऱ्हाइकाला सांगतो की पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका, मासा तेवढा उचला, आणि जाळीपेक्षा प्लास्टिकच्या मगात घ्या. घरी जाऊन काय करतात? कात्री लावतात आणि पिशवी धबकन पालथी करतात. मग रात्री फोन, 'भाऊ, स्किमरचा (फेसावाटे पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राचा) कप फेसाने वाहतोय.'

माझ्या बघण्यात तरी बॉक्सफिश बहुतेक उपाशीच मरतात. तोंड एवढंसं, पोहणं संथ. टँग आणि ट्रिगर समोरचं सगळं हडप करतात, याच्यापर्यंत काही पोचत नाही. पोट आत गेलेलं लोकांना दिसतच नाही, कारण बाहेरून हाडाची पेटी. त्यात पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की तांब्याचं औषध ओततात, तेही याला सोसत नाही.

चिंबोरी

@कुर्ला_साइड, बाकी सगळं सांगता तर हेही सांगता का, की हा बोराएवढा जीव वाढून ४५ सेंटीमीटरपर्यंत जाऊ शकतो? मला तर कधी कोणी सांगितलं नाही. विषाचं राहू द्या, चार फुटी टाकीत दीड फुटी खोकं वळणार कसं?

कुर्ला_साइड

विचारलं तर सांगतो ताई.

चिंबोरी

बघा म्हणजे.

नवशिक्या_नाना

या न्यायाने लायनफिशही नको मग. तोही विषारीच. आणि आमच्या मालवणाकडे जाळ्यात केंड (पफरफिश) गावला तर घरी नेत नाहीत, तोही विषारी. सगळेच विषारी, मग पाळायचं काय?

रसायनी_काका

नाना, तीन वेगळ्या गोष्टी एका पातेल्यात टाकू नका. लायनफिशचं विष काट्यांत असतं. काटा रुतला तर हाताला ठणका, पाण्याला काही नाही. त्याच्या सोबतच्या माशांना धोका म्हणजे तो त्यांना गिळतो. केंडाचं विष खाणाऱ्याच्या जिवावर उठतं, ते त्याच्या यकृतात आणि अंडाशयात जास्त.

पाणीच बिघडवणारे वेगळे. बॉक्सफिश आणि काऊफिश आलेच. सहा पट्ट्यांचा सोपफिश ग्रॅमिस्टिन सोडतो, तेही फेसाळतं. तांबड्या समुद्रातला मोझेस सोल पार्डॅक्सिन सोडतो, युजेनी क्लार्क यांच्या प्रयोगांत शार्कने त्याला तोंडात धरलं तरी जबडा मिटला नाही. आणि ज्याचं नाव या धाग्यात कोणी घेतलं नाही ती समुद्रकाकडी. तिच्यात होलोथुरिन असतं. पॅसिफिक बेटांवर ती चेचून डबक्यात टाकत आणि गुंगलेले मासे वेचत. तिची भाऊबंद सी अॅपल लोक रंगांवर भाळून आणतात, आणि ती पंपात गेली की काय होतं हे बॉक्सफिशच्या शंभर गोष्टींपेक्षा मला जास्त घाबरवतं. बंदीच घालायची तर तिथून सुरू करा.

खारं_पाणी

सी अॅपलबद्दल वेगळा धागा काढा, पहिली सही माझी. पण दुसरा जास्त वाईट म्हणून हा चांगला ठरत नाही.

पापलेटप्रेमी

मी काऊफिश कोणाला देणार नाही, आधीच सांगतो. पॉवरहेडला स्पंजचं आवरण मात्र या रविवारी लावतोय. काका, अॅक्टिव्हेटेड कार्बन हे रसायन धरतो का? संपमध्ये (टाकीखालच्या फिल्टरच्या टाकीत) कायम ठेवावा की वेळेला टाकावा?

रसायनी_काका

धरायला हवा. तेलकट शेपटीचे रेणू कार्बनला चिकटतात. पिशवी धुऊन तयार ठेवा आणि गडबड दिसली की टाका. पण निम्मं पाणी बदलण्याइतकं मिठाचं पाणी आधीपासून कालवून ठेवलेलं हवं, नाहीतर नुसत्या कार्बनवर विसंबून काही होत नाही. बॉक्सफिश आधी वेगळ्या बादलीत काढा, तेही मगानेच.

खारं_पाणी

एका माशासाठी कार्बन, निम्म्या टाकीचं तयार पाणी, बादली आणि मग. एवढा सरंजाम लागतो, हे दुकानाच्या पाटीवर लिहा, मग मी गप्प बसतो.

पापलेटप्रेमी

हा सरंजाम बॉक्सफिश नसला तरी ठेवायलाच हवा ना? तुमच्याकडे नाही का?