मदत हवी आहे: सर्व्हरच्या डिस्कचा क्लोन (हुबेहूब प्रत) पूर्ण झाला, पण नव्या डिस्कवर पार्टिशनच (डिस्कचे कप्पे) दिसत नाहीत

मंडळी, शनिवारचे रात्रीचे साडेअकरा वाजलेत, ऑफिसात एकटाच बसलोय. सोमवारी नऊला लोक येऊन हिशेबाचं सॉफ्टवेअर उघडतील, त्याआधी हे मार्गी लावायचं आहे. जाणकारांनी कृपया लक्ष घालावं.

सर्व्हर म्हणजे एक जुना टॉवर. आत २ टीबीची एकच साटा डिस्क, तिच्यावरच डेबियन (लिनक्स), मारियाडीबी (डेटाबेस) आणि सगळ्यांच्या फायली. (रेड, म्हणजे एकच डेटा दोन डिस्कवर, का नाही, हे विचारू नका. सर्व्हर मला आधीच्या माणसाकडून आहे तसा मिळाला.) गेल्या आठवड्यात कर्नलच्या लॉगमध्ये रीड एरर दिसायला लागल्या. डिस्कची तब्येत सांगणारं स्मार्टसीटीएल चालवून पाहिलं, तर १९७ नंबरचा आकडा, म्हणजे करंट पेंडिंग सेक्टर (डिस्कचे वाचता न आलेले छोटे तुकडे), सोमवारी ८ होता तो शुक्रवारी २४. म्हटलं आता थांबण्यात अर्थ नाही.

आज दुपारी सर्व्हर बंद करून सिस्टमरेस्क्यूच्या पेनड्राइव्हवरून बूट केला. टॉवरमध्ये दुसऱ्या डिस्कसाठी पॉवरची केबल मोकळी नव्हती, म्हणून नवी २ टीबीची डिस्क यूएसबी डॉकमध्ये लावली. खराब डिस्क कॉपी करणाऱ्या डीडीरेस्क्यूची पहिली फेरी स्क्रेपिंग (अवघड जागा खरवडून वाचणं) बंद ठेवून केली, मॅप फाइल (काय वाचलं, काय राहिलं याची नोंद) वेगळ्या पेनड्राइव्हवर. सहा तास लागले. मग तीन रिट्राय देऊन दुसरी फेरी. शेवटी न वाचलेले १२२८८ बाइट उरले, म्हणजे जेमतेम १२ केबी. इतकं कमी नुकसान बघून चहा प्यायला गेलो.

परत येऊन एलएसबीएलके (डिस्क आणि पार्टिशनची यादी) चालवलं, तर नव्या डिस्कखाली एकही पार्टिशन नाही! एफडिस्कला विचारलं, तर तो एकच पार्टिशन दाखवतो, टाइप 'ईई', आकार १४.६ टी. २ टीबीच्या डिस्कवर १४.६ टीचं पार्टिशन? जुन्या डिस्कवर मात्र तिन्ही पार्टिशन नीट दिसतायत.

जीडिस्क (पार्टिशन बनवणारा प्रोग्रॅम) नवीन जीपीटी (पार्टिशनची नोंद ठेवणारं टेबल) लिहायची तयारी दाखवतोय. लिहू देऊ का? की सहा तासांचं सगळं परत करू?

रात्रपाळी:
काहीही लिहू देऊ नका! आणि परतही करू नका. आधी एफडिस्कच्या आउटपुटात वरती 'सेक्टर साइज, लॉजिकल आणि फिजिकल' अशी ओळ असते (लॉजिकल म्हणजे कॉम्प्युटरला सांगितलेला आकार, फिजिकल म्हणजे खरा), ती दोन्ही डिस्कची इथे टाका. मला एक शंका आहे.

खुडबुड्या:
मी असतो तर क्लोनझिला वापरलं असतं. मेन्यू असतो, डोक्याला ताप नाही.

रात्रपाळी:
@खुडबुड्या, धडधाकट डिस्कला क्लोनझिला उत्तमच. पण ते फक्त वापरात असलेले ब्लॉक उचलतं, आणि खराब सेक्टर लागला की रेस्क्यूचा पर्याय दिलेला नसेल तर तिथेच थांबतं. मरणपंथाला लागलेल्या डिस्कला डीडीरेस्क्यूच बरं. ते आधी सोपं सोपं वाचून घेतं आणि अवघड जागेशी शेवटी झगडतं. मॅप फाइल असल्यामुळे मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू. धागाकर्त्यांनी हे बरोबर केलंय.

धागाकर्ता:
जुनी डिस्क: लॉजिकल ५१२, फिजिकल ४०९६.
नवी, डॉकमध्ये: लॉजिकल ४०९६, फिजिकल ४०९६.
पण नवीच्या लेबलवर तर ५१२ई, म्हणजे कॉम्प्युटरला ५१२ चाच सेक्टर दाखवणारी, असं छापलंय?

जुनं खोड:
सापडला चोर. डिस्क निर्दोष आहे, लबाडी डॉकची आहे.

पार्टिशन नोंदवायच्या जुन्या एमबीआर पद्धतीत सेक्टरचा नंबर ३२ बिटांचा असतो. ५१२ बाइटचा एक सेक्टर धरला तर हिशेब २.२ टीबीला संपतो. त्यापुढच्या डिस्क जुन्या सिस्टिमांनाही चालाव्यात म्हणून काही डॉक आणि एन्क्लोजर परस्पर आठ-आठ सेक्टर एकत्र बांधून '४०९६ चा एक सेक्टर' असं कॉम्प्युटरला सांगतात. काही तर डिस्क लहान असली तरी तेच करतात.

आता जीपीटीचा हेडर असतो सेक्टर नंबर १ मध्ये. तुमच्या जुन्या डिस्कवर तो ५१२ व्या बाइटपासून सुरू होतो, आणि डीडीरेस्क्यूने तो नव्या डिस्कवरही ५१२ व्या बाइटलाच ठेवला. पण डॉकच्या हिशेबात सेक्टर १ सुरू होतो ४०९६ व्या बाइटला. तिथे बघितलं तर हेडर नाहीच. सेक्टर ० मधला प्रोटेक्टिव्ह एमबीआर (ही जीपीटी डिस्क आहे एवढंच सांगणारी पाटी) तेवढा दिसतो, तोच तुमचा 'ईई'. त्यात लिहिलेले ३९०७०२९१६७ सेक्टर ५१२ ऐवजी ४०९६ ने गुणले की १४.६ टी होतात. करून बघा.

थोडक्यात, बाइट सगळे जागच्या जागी आहेत. डॉक बाजूला ठेवा, नवी डिस्क टॉवरमध्ये थेट साटाला लावा. जीडिस्कला हो म्हटलं असतंत, तर पहिल्या ४०९६ बाइटवर, म्हणजे नेमक्या खऱ्या हेडरवर, नांगर फिरला असता. (जुन्या डिस्कवरून पार्टिशन टेबल पुन्हा कॉपी करून तेही निस्तरता येतं, पण रात्री बारा वाजता नको.)

आणि एक: जुनी डिस्क आधी काढा, मगच बूट करा. क्लोनमध्ये यूयूआयडीसुद्धा (फाइलसिस्टिमचे ओळख-नंबर) तेच येतात. दोन्ही डिस्क जोडलेल्या राहिल्या तर सिस्टिम कुठली माउंट करेल याचा भरवसा नाही. मी एकदा दोन दिवस जुन्याच डिस्कवर काम करत बसलो होतो, हे वर मान करून सांगण्यासारखं नाही.

खुडबुड्या:
म्हणजे मी सांगितलं तसं क्लोनझिला त्याच डॉकमधून केलं असतं तर?

जुनं खोड:
त्यात पार्टिशन टेबल नव्याने बनवायला सांगितलं असतं तर उलटी गंमत झाली असती. डॉकमध्ये सगळं छान, आणि साटाला लावल्यावर कोरी पाटी.

धागाकर्ता:
खोडकाका, साष्टांग नमस्कार! डिस्क थेट लावली, तिन्ही पार्टिशन हजर. ग्रब (बूटचा मेन्यू) आला, डेबियन सुरू झालं... आणि अडकलं. तिसऱ्या पार्टिशनसाठी दीड मिनिटाचा काउंटर चालला आणि मग इमर्जन्सी मोड. रूटचा पासवर्ड टाकून आत शिरलोय. रूट पार्टिशन ठीक दिसतंय. आता काय?

रात्रपाळी:
एफएसटॅब (बूट होताना काय माउंट करायचं त्याची यादी) उघडा. तिसरं पार्टिशन तिथे कशाने लिहिलंय? 'बाय-आयडी' असेल तर त्यात डिस्कचं मॉडेल आणि सीरियल नंबर असतो. डिस्क बदलली की ते नावच नाहीसं होतं. यूयूआयडीचं तसं नसतं, ते फाइलसिस्टिमबरोबर येतं.

धागाकर्ता:
अगदी तेच! पहिल्या दोन ओळी यूयूआयडीच्या, तिसरी बाय-आयडीची, शेवटी जुन्या डिस्कचा सीरियल नंबर. नंतर कोणीतरी हाताने घातलेली दिसतेय. ब्लकआयडीने यूयूआयडी काढून बदलला, रीबूट केलं, सरळ लॉगिनपर्यंत आला.

एकच राहिलं. ते १२ केबी नेमके कुठल्या फायलीतले, हे कळू शकतं का? हिशेबाच्या डेटाबेसमधले असले तर माझी खैर नाही.

जुनं खोड:
कळतं, आणि बघाच. कारण नव्या डिस्कवर ती जागा वाचताना आता एरर येणार नाही, मुकाट्याने शून्यं मिळतील. फाइल उघडेल, आतून पोखरलेली असेल.

फाइलसिस्टिम एक्सटी४ असेल तर असं करा. मॅप फाइलमध्ये वजा चिन्ह असलेल्या ओळी शोधा. जागा हेक्समध्ये, बाइटमध्ये दिलेली असते. तिला ५१२ ने भागा म्हणजे सेक्टर मिळेल. त्यातून पार्टिशनचा सुरुवातीचा सेक्टर वजा करा, उरलेल्याला ८ ने भागा. हा झाला ब्लॉक नंबर (४ केबीचे ब्लॉक धरून). मग डीबगएफएसमध्ये 'आयचेक' आणि तो नंबर, त्याने आयनोड (फाइलचा अंतर्गत नंबर) मिळेल. 'एनचेक' आणि तो आयनोड, की फाइलचं नाव. आणि एफएससीके (फाइलसिस्टिमची तपासणी) मात्र पार्टिशन अनमाउंट असताना, पेनड्राइव्हवरून बूट करूनच.

धागाकर्ता:
रविवार, सकाळचे सव्वाआठ. केलं सगळं. मॅपमध्ये वजाची एकच ओळ निघाली. सेक्टर आला १२८८४९५१०४, माझं दुसरं पार्टिशन १०५०६२४ पासून सुरू होतं, म्हणून ब्लॉक १६०९३०५६० आणि पुढचे दोन. आयचेक म्हणतं त्यातले दोन कोणाच्याच मालकीचे नाहीत, मोकळी जागा. तिसरा एका जुन्या, झिप करून ठेवलेल्या सिस्टिम लॉगमधला. ती फाइल उडवली. एफएससीके स्वच्छ. तरी धास्ती होतीच म्हणून सगळ्या डेटाबेसचा पूर्ण डंप काढला, एकही एरर न येता पार पडला. तो डंप दुसऱ्या मशीनवर कॉपी करून ठेवलाय.

जुन्या डिस्कवर 'लावू नये' असं मार्करने लिहून कपाटात टाकलीय, महिनाभर तरी तिथेच राहील. डॉकवर पण काहीतरी लिहायचा मोह झाला, पण इथे संपादक मंडळ आहे.

रेड-१ चा धागा झोप झाल्यावर काढतो.