शिकार: जीव घेणं आणि जीव घेण्यात मौज मानणं एकच आहे का?

(एक चर्चा. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

पाणवठा

२०१५ साली झिम्बाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीलगत सेसिल नावाचा सिंह मारला गेला, ती बातमी बऱ्याच जणांना आठवत असेल. वय तेरा वर्षं, गळ्यात ऑक्सफर्डच्या संशोधकांनी बसवलेला जीपीएस पट्टा. शिकाऱ्याने सुमारे ५० हजार डॉलर मोजले होते. पहिला बाण लागला, पण सिंह त्याने मेला नाही. जखमी अवस्थेत तो कित्येक तास तगून होता, मग माग काढून त्याला संपवलं. पुढे जगभर वाद झाला तो परवाना होता की नव्हता, जागा हद्दीच्या आत होती की बाहेर, यावर. माझं मन मात्र त्या मधल्या तासांपाशी अडकून राहिलं आहे. परवाना असता तर ते तास कमी दुखले असते का?

शिकार म्हटलं की आपण तीन वेगळ्या गोष्टी एकाच पोत्यात भरतो. पोटासाठी मारणं, पीक किंवा माणूस वाचवायला मारणं, आणि हौसेसाठी मारणं. पहिल्या दोन्हींबद्दल बोलायचा अधिकार मला नाही, माझं पोट त्यावर नाही आणि माझं शेतही नाही. आर्क्टिकमधल्या लोकांना देवमासा मारू द्या, असं देवमाशांच्या शिकारीवर देखरेख करणाऱ्या आंतरराष्ट्रीय आयोगानेही मान्य केलं आहे. १९८६ पासून आयोगाने व्यापारी शिकारीवर बंदी घातली, पण या लोकांची पोटापुरती शिकार चालू आहे. तिथे माझी काही तक्रार नाही.

तिसऱ्या प्रकाराला मात्र मला एकही बाजू सापडत नाही. 'ती जात धोक्यात नाही' हे उत्तर नेहमी मिळतं. पण जातीचा हिशेब वेगळा आणि जिवाचा वेगळा. मरताना जात मरत नाही, एक प्राणी मरतो. तो पैसा संवर्धनाला जातो असं म्हणणारेही भेटतात. मला तो रक्ताचा पैसा वाटतो. तुम्हाला काय वाटतं?

टाचण

पाणवठा, तळमळ समजते. पण 'रक्ताचा पैसा' म्हणून ज्याला तुम्ही बाजूला सारता, त्यावर काही ठिकाणी अख्खं रान उभं आहे.

नामिबियात १९९६ च्या कायद्याने सामाईक जमिनीवरच्या गावांना त्यांच्या भागातल्या वन्यप्राण्यांवर हक्क मिळाले. गावकऱ्यांनी संघ केले, आज असे ऐंशीच्या वर संघ आहेत. उत्पन्न दोन वाटांनी येतं, पर्यटन आणि मर्यादित शिकार. ज्या रुक्ष भागात पर्यटक फिरकत नाही, तिथे शिकारीचाच आधार. त्याआधी हत्ती म्हणजे फक्त पाण्याची टाकी फोडणारा, सिंह म्हणजे गुरं खाणारा. गावाला तो जिवंत राहण्यात काही मिळत नसेल, तर गावाने त्याला का राहू द्यायचं?

पाकिस्तानच्या उत्तरेकडे मारखोर आहे, पिळाच्या शिंगांचा रानबोकड. दरवर्षी मोजकेच परवाने लिलावात निघतात आणि रकमेचा ८० टक्के वाटा स्थानिक गावांना जातो. चोरटी शिकार करणारेच राखणदार झाले. २०१५ मध्ये ही जात 'संकटग्रस्त' यादीतून वर आली.

उलट केनियाने १९७७ मध्ये शिकार पूर्ण बंद केली. त्यानंतरच्या चार दशकांत तिथल्या मोठ्या वन्यप्राण्यांची संख्या सरासरी ६८ टक्क्यांनी घटली. बंदीमुळेच घटली असं मी म्हणणार नाही. कुंपणं, गुरांची वाढ, दुष्काळ, सगळंच आहे त्यात. पण नुसत्या बंदीने प्राणी वाचत नाही, एवढं तर दिसतं.

झुंजूमुंजू

टाचण यांच्या हिशेबात एक खाच राहते. हौशी शिकारी कोणता प्राणी निवडतो? सगळ्यात मोठ्या शिंगांचा, सगळ्यात घनदाट आयाळीचा. वाघ-लांडगा मारतो तो म्हातारा, लंगडा, कळपामागे पडलेला. बंदूक नेमकं उलटं करते.

कॅनडात अल्बर्टामधल्या राम माउंटनवर जंगली मेंढ्यांचा तीस वर्षं अभ्यास झाला, २००३ मध्ये निष्कर्ष छापून आला. मोठ्या शिंगांचे नर सतत टिपले गेल्याने पुढच्या पिढ्यांची शिंगंच आखूड होत गेली. मोझाम्बिकच्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानात यादवी युद्धाच्या काळात, १९७७ ते १९९२, सुळ्यांसाठी नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती मारले गेले. नंतर बिनसुळ्यांच्या माद्यांचं प्रमाण साधारण पाचात एक होतं ते दोनात एकवर गेलं. ती चोरटी कत्तल होती, परवान्याची शिकार नव्हे, हे मान्य. पण गोळीला कागद कळत नाही. चांगलं ते आधी उचललं की मागे काय उरतं, हा प्रश्न दोन्हीकडे तोच.

मळेकरी

तुम्ही सगळे सिंह-हत्तींवर बोलताय. मी रानडुकरांवर बोलतो, कारण माझ्या रात्री त्यांच्या नावावर आहेत.

मका दाण्यात भरला की आम्ही घरी झोपत नाही. मळ्यात माळा बांधलेला आहे, त्यावर बॅटरी, पत्र्याचा डबा, काठी. मागच्या हंगामात सलग सोळा रात्री जागलो. सतराव्या रात्री ताप होता म्हणून घरी पडलो. सकाळी गेलो तर मधलं रान जणू कुणी लाटण्याने लाटलं होतं. डुक्कर कणीस खातं तेवढंच नुकसान नसतं. ते ताट आडवं पाडतं, दोन दाणे चावतं, पुढचं ताट पाडतं. वाफ्यात नांगरासारखे चर, त्यात थुंकीने ओली झालेली अर्धी चघळलेली कणसं. मी तिथे बसून किती कणसं घेण्याजोगी उरलीत ते मोजायला लागलो आणि थोड्या वेळाने मोजणं सोडून दिलं.

पंचनामा झाला. नुकसानभरपाई आली, पण बियाण्याचे पैसेसुद्धा निघाले नाहीत. तक्रार कुणा एकाची नाही, सगळीकडे तेच आहे.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद आहे, आणि ते बरोबरच आहे. चित्ता याच देशातून गेला, १९५२ ला सरकारनेच तसं जाहीर केलं. पण त्याच कायद्यात पीक नासवणाऱ्या जनावराला परवानगीने मारायची सोयही आहे. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर, उत्तराखंडात रानडुक्कर, हिमाचलात माकड हे काही भागांत ठरावीक मुदतीपुरते उपद्रवी ठरवले गेले होते. तेव्हा शहरातून किती शिव्या पडल्या! ज्यांनी दिल्या त्यांनी एक रात्र माळ्यावर काढावी, एवढंच मागणं आहे.

आणि परवानगी मिळाली नाही तर काय होतं तेही सांगतो. लोक कुंपणात वीज सोडतात, फासे लावतात. फाशाला डुक्कर आणि हरीण कळत नाही, बिबट्याही कळत नाही. एकदा वायरीच्या फाशात कोल्हा बघितला. तार पोटापर्यंत रुतलेली, आजूबाजूची माती त्याने हातभर खोल उकरली होती. त्यापेक्षा जाणत्याची एक गोळी किती तरी बरी.

सांजवात

मळेकरी, तुमच्या त्रासाबद्दल शब्दही काढणार नाही. पण एक आकडा समोर ठेवते. २०१८ मध्ये पृथ्वीवरच्या सगळ्या सस्तन प्राण्यांच्या वजनाचा अंदाज बांधला गेला. त्यात साधारण ६० टक्के वजन पाळीव जनावरांचं, ३६ टक्के माणसाचं आणि उरलेल्या ४ टक्क्यांत सगळे रानटी प्राणी, देवमाशांसकट. एवढं आपलं झाल्यावरही आपण त्या चारांतल्या कुणाला 'उपद्रवी' म्हणतो, हे मला पचत नाही. त्यांच्या रानात मका आपण नेला.

मळेकरी

सांजवात, ही जमीन पणजोबांपासून कसतोय. रान माझ्या आधीच तुटलं होतं, आणि तुटलेल्या रानातल्या लाकडाच्या खुर्च्या माझ्या घरात नाहीत. ४ टक्क्यांचं पाप सगळ्यांचं, रात्र जागायची एकट्याने?

सांजवात

हे बरोबर आहे तुमचं. पाप वाटून घ्यायचं तर भरपाईही सगळ्यांच्या खिशातून, वेळेवर आणि पुरेशी यायला हवी. आपण तिथे कमी पडतो आणि मग गोळीवर येतो. माझा राग त्या क्रमावर आहे.

जुनीवाट

या विषयावर कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. परदेशात नोकरीला होतो तेव्हा मी रीतसर परवाना काढून हरणाच्या शिकारीला गेलो आहे. त्या भागात लांडगे केव्हाच संपवले होते, हरणं बेसुमार वाढली होती, रस्त्यावर गाड्यांखाली यायची, कोवळी झाडं मान वर काढू देत नसत. वर्षाला किती मारायची याचा आकडा ठरवून परवाने वाटले जात. मांस घरी नेऊन खायचं, टाकायचं नाही, असं ठरवूनच आम्ही निघालो होतो. त्यामुळे मनात अपराधी भाव नव्हता.

संध्याकाळी उजेड जाता जाता एक मादी झाडीतून बाहेर आली. गोळी झाडली, ती उसळली आणि पळाली. माझा सहकारी जुना शिकारी. त्याने मला खांद्याला धरून खाली बसवलं. म्हणाला, अर्धा तास हलायचं नाही. मागे लागलो तर ती जीव तोडून पळत राहील, आपण शांत राहिलो तर जवळच कुठे तरी पडेल. तो अर्धा तास मी आयुष्यात विसरणार नाही. अंधार पडत होता आणि तिकडे काय चाललंय ते आम्हाला माहीत होतं.

मग बॅटरीच्या उजेडात माग. पहिल्यांदा थोडे केस, मग पानावर गुलाबी फेसाळ रक्त. फेस म्हणजे फुप्फुसात लागली, ती लांब गेलेली नाही, असं त्याने सांगितलं. तरी दीडएकशे पावलं चालावं लागलं. ओढ्याच्या काठाला पडली होती, डोळे उघडे. त्याने गवताची काडी तोडून तिच्या बुबुळाला हळूच लावून बघितली. पापणी हलली नाही. मगच हात लावायचा, हा त्याचा नियम. पोट उघडल्यावर थंडीत वाफ निघाली. माझे हात गारठले होते आणि तिच्या अंगात ते गरम झाले.

त्यानंतर दुकानातलं पाकीटबंद मांस घेताना मला ती काडी आठवायची. त्या पाकिटातल्या जनावराच्या पापणीला काडी कुणी लावली होती? पाणवठा, तुमच्या तीन प्रकारांत मी कुठे बसतो ते तुम्हीच ठरवा.

टाचण

जुनीवाट, फार प्रामाणिक लिहिलंत. तुम्ही लांडग्यांचं लिहिलंत ते महत्त्वाचं आहे. अमेरिकेतल्या यलोस्टोनमध्ये १९२६ पर्यंत लांडगे मारून संपवले. पुढे एल्क हरणं इतकी वाढली की उद्यानाच्या कर्मचाऱ्यांनाच ती मारावी लागत. १९९५ मध्ये लांडगे परत आणून सोडले. म्हणजे मधली सत्तर वर्षं लांडग्याचं काम माणूस करू पाहत होता. आपण एकदा साखळी तोडली की 'मी कुणालाच मारणार नाही' म्हणून हात झटकता येत नाहीत. न मारण्यानेही हरणं मरतात, उपासमारीने, हिवाळ्यात, हळूहळू. रानातलं मरण अंथरुणातलं नसतं.

झुंजूमुंजू

पण मग लांडगा परत आणा ना. बंदूक हा तात्पुरता उपाय कायमचा का होतो? अमेरिकेत १९३७ च्या कायद्याने बंदुका-काडतुसांवरचा कर वन्यजीवांच्या कामासाठी राखून ठेवला. त्या पैशाने मोठी कामं झाली, हे खरंच आहे. पण ज्या खात्याचा खर्च शिकाऱ्याच्या करातून निघतो, ते खातं लांडग्याची बाजू किती घेईल? हरीण लांडग्याने खाल्लं तर परवाना विकला जात नाही.

पाणवठा

दोन दिवस उत्तर देता आलं नाही, वाचत मात्र होते.

'रक्ताचा पैसा' हा शब्द मी मागे घेते. नामिबियातल्या ज्या गावात सिंहाने गोठ्यातलं वासरू नेलं, त्या गावाला मी इथे बसून नैतिकता शिकवू नये. मळेकरींच्या कोल्ह्याचं वाचून तर मला कळलं की मी 'मारू नका' म्हणते तेव्हा फाशालाही नकळत जागा करून देत असेन.

पण माझा मूळ प्रश्न तसाच आहे, टाचण. गावाला पैसा मिळतो, हे गावाच्या बाजूचं समर्थन झालं. पैसे देणाऱ्याचं समर्थन त्यातून होत नाही. त्याला गावच जगवायचं असतं तर ५० हजार डॉलर नुसतेही देता आले असते. त्याला ते क्षण विकत हवे असतात, सिंह कोसळण्याचा आणि त्यानंतरच्या फोटोचा. जग अशा पैशावर चालतं म्हणून आपण तो घ्यावा, इथवर मी कदाचित येईन. त्या माणसाला संवर्धक म्हणावं, इथवर येणार नाही.

जुनीवाट, तुम्हाला मी कुठल्या प्रकारात टाकू शकत नाही. एक विचारते, नाही सांगितलंत तरी चालेल. तुम्ही परत गेलात का?

जुनीवाट

गेलो. दुसऱ्या वर्षी. तोच सहकारी, तेच रान.

सकाळी दोन माद्या अगदी टप्प्यात आल्या. परवाना मादीचाही होता. मी बंदूक उचलली नाही. सहकाऱ्याने बघितलं माझ्याकडे. मी कुजबुजलो, थांबू या, मागे मोठा नर असेल. आदल्या दिवशी कुणी तरी त्या बाजूला दहा फाट्यांच्या शिंगांचा नर दिसल्याचं सांगितलं होतं, ते माझ्या डोक्यात होतं.

अकरा वाजेपर्यंत तसाच बसून राहिलो. नर आला नाही. शिंगं खायची नसतात हे माझ्या लक्षात आलं तेव्हा मी काडतुसं काढून खिशात टाकली. पुढच्या वर्षी परवान्याचा अर्ज भरला नाही.

सहकारी अजून जातो. दर हंगामात एक मादी, आणि घरात वर्षभर तेच मांस. त्याच्या भिंतीवर काही टांगलेलं नाही.